एक ऑगस्टपर्यंत थांब

सांता रीताच्या पश्चिम वस्तीत ओतिलिया साल्दान्याला लोक दोन गोष्टींमुळे ओळखत: तिची जीभ आणि तिचं सह्यांचं पॅड. जीभ जन्मापासूनची. पॅड सत्तावन्नाव्या वर्षी हातात आलं, आणि ते आलंच नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे तिचं तिलाच वाटायला लागलं.

वडील कांद्याच्या शेतांवर मजूर, आई लोकांची धुणी करणारी. शाळा नववीपर्यंत. नवरा मिळाला तो ट्रक चालवणारा, हसरा, बोलघेवडा. पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याआधीच उत्तरेकडे कामाला म्हणून गेला तो गेलाच. बाळही राहिलं नाही. त्याबद्दल ओतिलिया कधी कोणाशी बोलली नाही आणि कोणी सहानुभूती दाखवायला आलं तर त्याची धडगत नसे. हॉटेलच्या खोल्या झाल्या, शाळेतली भांडी झाली, आणि एकतिसाव्या वर्षी ती विमानतळाच्या रस्त्यावरच्या मोठ्या लॉन्ड्रीत चिकटली. शहरातल्या सात दवाखान्यांच्या चादरी तिथे धुतल्या जात. पहिल्याच आठवड्यात तिची जोडी लागली डेल्फिना ओलिवासशी, आणि ती सव्वीस वर्षं टिकली. ओतिलियाच्या आयुष्यात एवढं दुसरं काहीही टिकलं नाही.

जोडी म्हणजे खरोखरची जोडी. चादरींच्या इस्त्रीचं यंत्र एकटीच्या हाताने चालत नाही. ओली, जड चादर दोघींनी धरायची, एकीने डावा कोपरा, दुसरीने उजवा. झटकून ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी एकाच क्षणी सोडायची. एकीचा हात जरा मागे राहिला की चादर तिरकी जाते, चुणी पडते, यंत्र थांबवावं लागतं. आवाज इतका की बोलणं ऐकूच येत नाही. बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. आणि जोडीतली एक आली नाही तर उरलेलीला इस्त्रीवर जागा नाही. तिला खाली पाठवायचे, मळक्या विभागात. तिथे दवाखान्यांच्या पिशव्या फोडून रक्ताच्या, ओकारीच्या, आणखी कशाकशाच्या चादरी निवडायच्या. कधी घडीत सुई निघायची.

थोडक्यात, तुम्ही आजारी पडलात की शिक्षा तुमच्या मैत्रिणीला. मालकाला कोणावर डोळे वटारायची गरजच नव्हती. अंगात ताप घेऊन बायका कामावर येत, नाकाला रुमाल बांधून चादरी सोडत, आणि त्याच चादरी पुढे आजाऱ्यांच्या अंगाखाली जात. याचं कोणाला काही वाटत नसे.

शिवाय पॉइंट होते. उशीर झाला तर अर्धा, गैरहजेरीला एक. डॉक्टरची चिठ्ठी आणली तरी पॉइंट तो पॉइंटच, आणि त्या दिवसाचा पगार नाही. आठ झाले की घरी. वर्ष उलटलं की जुना पॉइंट गळून पडायचा, तेवढीच दया.

बायकांनी यातून आपली वाट काढली होती. दुपारच्या शिफ्टमधली कोणीतरी सकाळी तुमच्या जागी उभी राहायची, तुम्ही पुढे कधीतरी तिच्या जागी. कार्ड तुमचं, हात तिचे. सुपरवायझर गायार्दो त्याच वस्तीतला, त्याच्या आईला या सगळ्या ओळखत. मोठ्या बायकांना तो मानाने 'दोन्या' म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा. याला सगळ्याजणी 'उसना दिवस' म्हणत. डेल्फिनाला नोएमी झाली तेव्हा ती अशा उसन्या दिवसांवरच बाळंतीण झाली. बाप्तिस्म्याला नोएमीला हातात धरून उभी राहिली ती ओतिलिया. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, आणि पोरीची ती नीना, धर्माची आई. हे नातं त्या वस्तीत रक्ताच्या नात्यापेक्षा हलकं धरत नाहीत.

तर हे असं चाललं होतं, वाईट पण चाललं होतं. मग एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कामगार संघटनेची एक बाई आली आणि म्हणाली की शहराने स्वतःचा नियम करावा म्हणून सह्या हव्या आहेत. खासगी मालक असो की कोणी असो, तीस तास काम केलं की एक तास पगारी आजारपणाची सुट्टी. पॉइंट नाही, चौकशी नाही. ओतिलियाने हात वर केला. तिला विचारून कोणी कधी काही केलेलं नव्हतं; इथे निदान सही मागत होते.

ती सह्या कुठे गोळा करायची, तर नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात. आठवडाभर लॉन्ड्रीत उभी राहणारी बाई रविवारी पुन्हा धुलाईच्या यंत्रांमध्ये. पण तिचा हिशोब बरोबर होता: ज्याचे कपडे यंत्रात फिरतायत तो माणूस पळून जात नाही.

"दादा, सही करा."

"कशाची?"

"आजारी पडायची."

"त्याला सही लागते होय?"

"पगारी पडायचं असेल तर लागते."

माणूस हसायचा आणि सही करायचा. चारशेच्या वर सह्या तिच्या एकटीच्या. डेल्फिना तेवढी नाक मुरडायची. "कोमाद्रे, देवाने रविवार पाय वर करून बसायला दिलाय. तू तो लोकांच्या चड्ड्या फिरताना बघण्यात घालवतेस." सही मात्र तिने पहिल्याच पानावर केली होती.

फेब्रुवारीत नगरसभेने नियम मंजूर केला. ओतिलिया मागच्या खुर्चीवर बसून मतदान बघत होती. लागू होण्याची तारीख: एक ऑगस्ट. मालकांना तयारीला वेळ हवा म्हणे. घरी येऊन तिने ती तारीख भिंतीवर लिहून ठेवली नाही, तशी गरजच नव्हती. दिसेल त्याला ती सांगत होती.

मार्चच्या पहिल्या सोमवारी गायार्दोने घड्याळाच्या शेजारी कागद चिकटवला. उसने दिवस बंद. ज्याचं कार्ड, त्याचेच हात.

"हे काय?" ओतिलियाने विचारलं.

"वरून हुकूम आहे, दोन्या ओतिलिया. तुम्हाला आता कायदा मिळालाय. कायद्याकडे मागा."

"कायदा ऑगस्टपासून आहे. हा मार्च आहे."

"मग ऑगस्टपर्यंत धडधाकट राहा," गायार्दो म्हणाला. तो हसत नव्हता. त्यालाही वरून बोलणी बसली असावीत.

बाकीच्या बायका ओतिलियाकडे बघत होत्या. त्या बघण्याचा अर्थ तिला कळला. ती मोठ्याने म्हणाली, "पाच महिने काढा गं. आतापर्यंत आयुष्य काढलंत."

एप्रिलमध्ये कपडे बदलायच्या खोलीत डेल्फिनाने तिचा हात धरला आणि आपल्या डाव्या काखेच्या खाली, छातीच्या कडेला ठेवला. गाठ होती. अक्रोडाएवढी, टणक.

"केव्हापासून?"

"नाताळात लक्षात आलं. मला वाटलं, चादरी ओढून ओढून आली असेल."

डेल्फिना तशी गप्प राहणारी बाई नव्हे, पण अंगाच्या दुखण्याबाबतीत मुखदुर्बळ. सरकारी दवाखान्यात तिने नाव घातलं होतं. तुकडा काढून तपासायचा, अख्खा दिवस जाणार. तारीख मिळाली नऊ मे. आणि तिचे पॉइंट सात होते: जानेवारीत फ्लूचे तीन, रस्त्यावर पाणी भरलं त्याचे दोन, बाकी असेच. सगळे त्याच हिवाळ्यातले, एकही लवकर गळणारा नव्हता. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. नोएमी आणि तिचा नवरा तिच्याकडेच राहायचे आणि जावयाचं काम सुटलेलं.

"नऊ मेला गेले तर आठ होतात," डेल्फिना म्हणाली.

"मग नऊ मेला जाऊ नकोस. तारीख पुढे घे. एक ऑगस्टपर्यंत थांब, आणि मग त्या गायार्दोच्या तोंडावर सांग की मी आजारी आहे, उद्या येत नाही. पॉइंट नाही, पगार कापायचा नाही. हक्काने जा."

"तीन महिने, बाई."

"माझ्या आत्याच्या छातीत अशीच गाठ होती. वीस वर्षं."

"कशाने गेली आत्या?"

"बसखाली."

डेल्फिना हसली. मग तिने फोन करून तारीख बदलून घेतली. सहा ऑगस्ट मिळाली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ओतिलियाने ती स्वतःपासूनही बरीच वर्षं लपवली असती. ती तसं मनापासूनच म्हणाली होती. नियमावर तिचा विश्वास होता. चारशे माणसांना तिने तोंडभरून सांगितलं होतं. पण नऊ मेला डेल्फिना गेली असती तर ओतिलिया खाली मळक्या विभागात गेली असती, आणि डेल्फिनाची नोकरी गेली असती तर नवी जोडी लागेपर्यंत रोजच. हा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. तो आला, आणि तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

मे गेला, जून गेला. डेल्फिनाचा डावा हात वर उचलताना मागे राहायला लागला. ओतिलिया बाजू बदलून डाव्या कोपऱ्याला उभी राहिली, म्हणजे डेल्फिनाला उजवा हात वापरता येईल. कोणाला काही कळलं नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीवर बातमी आली. मालकांच्या मंडळाने दावा लावला होता, राज्य सरकारही त्यांच्या बाजूने उभं होतं, आणि न्यायाधीशाने नियमाला स्थगिती दिली होती. कारण ऐकून ओतिलियाला आधी हसूच आलं. आजारपणाच्या सुट्टीचा पगार हाही पगारच. पगार किती असावा हे ठरवायचा अधिकार राज्याचा. तेव्हा शहराने त्यात नाक खुपसायचं नाही. आणि राज्य काय ठरवणार होतं? काहीच नाही. राज्याला ते ठरवायचंच नव्हतं. दुसऱ्याला मात्र ठरवू द्यायचं नव्हतं.

तिने संघटनेच्या बाईला फोन केला. बाई म्हणाली, तात्पुरतं आहे, आमचे वकील वर जातायत. ओतिलियाने तेच डेल्फिनाला सांगितलं. "दोन आठवडे. फार तर तीन."

"आणि सहा तारीख?"

"ती आणखी एकदा पुढे घे." डेल्फिनाने घेतली; या वेळी डिसेंबरातली मिळाली.

सहा ऑगस्टच्या सकाळी सहा वाजता डेल्फिना यंत्रापाशी उभी होती, केसांना जाळी बांधलेली, चेहरा मेणासारखा. ओतिलियाने तिला बघितलं आणि पहिल्यांदा जे वाटलं ते म्हणजे: चला, आली. खाली जावं लागणार नाही. दुसरं वाटलं ते म्हणजे, हिला आत्ता हाताला धरून गाडीत घालून दवाखान्यात न्यावं. पहिली चादर समोर आली. दोघींनी कोपरे धरले.

ऑक्टोबरमध्ये वरच्या कोर्टाने निकाल दिला. नियम रद्द. शहराला असा अधिकार कधी नव्हताच. पुढे राज्याच्या राजधानीत आणखी मोठा कायदा झाला, की कोणत्याही शहराने खासगी मालकांवर सुट्ट्यांची सक्ती करायचीच नाही. पण तोवर डेल्फिनाच्या बाबतीत सगळं ठरून गेलं होतं. उसने दिवस काही परत आले नाहीत. गायार्दोचा कागद तिथेच पिवळा पडत होता.

नोव्हेंबरात डेल्फिना यंत्रापाशी पडली. दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, दमलेली. तिने कागद चाळले आणि विचारलं, "मेमध्ये का आला नाहीत?" आजार हाडांत गेला होता. आठवा पॉइंट टपालाने घरी आला.

त्यानंतर चार महिने ओतिलिया रोज शिफ्ट संपली की तिच्याकडे जायची. वाटेत टाकोच्या गाडीवरून डाळिंबी रंगाचं ते जास्वंदीचं थंड सरबत न्यायची. दुसरं काही डेल्फिनाच्या पोटात ठरत नव्हतं. नोएमीला तेव्हा दिवस गेले होते. ती फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या कंपनीत लागली होती आणि आईसाठी तिलाही सुट्टी मिळत नव्हती. जावई काम शोधत फिरायचा. दुपारी तीन ते सात घरात या दोघीच.

मार्चमधल्या एका दुपारी डेल्फिना शुद्धीवर होती, आवाज स्पष्ट.

"नोएमीला मी सांगितलंय की तारीख दवाखान्याने पुढे ढकलली. दोनदा. तू मोडू नकोस ते."

"का सांगितलंस असं?"

"तिचं बाळंतपण आलंय. माझ्यानंतर तिला कोण आहे? तूच. तुझ्यावर चिडून बसली तर करेल काय ती."

"डेल्फिना, मी जे तुला..."

"तू थांब म्हणालीस, मी थांबले. मला तोंड नव्हतं का? होतं." ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "पण खोटं कशाला बोलू. राग आहे मला. रोज सकाळी जाग येते तेव्हा आधी दुखतं आणि मग तुझा राग येतो. मग तू तीन वाजता येतेस आणि मला बरं वाटतं. दोन्ही खरं आहे. सरबत दे."

ओतिलियाने नळी तिच्या ओठांना लावली.

डेल्फिना पुढच्या मंगळवारी गेली. दफन गुरुवारी सकाळी दहाला.

"कोण लागते तुमची?" गायार्दोने दुखवट्याच्या सुट्टीचा फॉर्म काढत विचारलं. खरं तर त्याला माहीत होतं.

"कोमाद्रे."

"आई, बाप, नवरा, मूल, भाऊ, बहीण. त्यात बसत नाही, दोन्या ओतिलिया."

"सव्वीस वर्षं मी तिच्याबरोबर उभी होते. तूच जोडी लावलीस."

"फॉर्म मी नाही छापला."

"मग घाल पॉइंट," ती म्हणाली. त्याने घातला. तिची नवी जोडीदारीण गुरुवारी खाली गेली असणार, आणि तिने ओतिलियाला शिव्याही दिल्या असणार. बरोबरच होतं.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं, बीन्स, भात, कोंबडीची आमटी. नोएमी पोटावर हात ठेवून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिने ओतिलियाला बोलावून शेजारी बसवलं आणि पिशवीतून टाईप केलेला कागद काढला.

"नीना, मी दवाखान्यावर तक्रार करणार आहे. एकदा मेमध्ये ढकलली तारीख, एकदा ऑगस्टमध्ये. बाई मरत होती आणि यांनी तारखा ढकलल्या. ज्या बाईने फोनवर तारीख बदलली तिचं नावही मिळवलंय मी. ती कामावरून गेली पाहिजे. तू आईबरोबर रोज असायचीस, साक्षीदार म्हणून सही कर. तुला या गोष्टी येतात."

कागदावर खरंच एक नाव होतं. कोणी आयरीन. कुठल्यातरी टेबलाशी बसून फोन घेणारी, पगारावर घर चालवणारी बाई, जिने डेल्फिनाच्या सांगण्यावरून तारीख बदलली होती, आणि कदाचित विचारलंही असेल की नक्की ना.

ओतिलियाने पेन घेतलं. सही करणं सोपं होतं. डेल्फिनाने स्वतः तसं ठरवून दिलं होतं. सही केली की जूनमध्ये बाळ हातात येणार होतं, आणि साठीकडे निघालेल्या बाईला घरात कोणीतरी नीना म्हणणार होतं. तिने पेन खाली ठेवलं.

"दवाखान्याने नाही ढकलली. तुझ्या आईने फोन करून बदलून घेतली. मी तिला सांगितलं म्हणून. आठवा पॉइंट पडेल, ऑगस्टपर्यंत थांब, कायदा येतोय. दोन्ही वेळा मीच सांगितलं."

"म्हणजे तू ढकललीस," नोएमी म्हणाली.

"हो. आणि अजून एक. ती आली नसती तर मला खाली मळक्यात जावं लागलं असतं. तेही माझ्या मनात होतं. थोडंसं. पण होतं."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी खुर्च्या रचत होतं. नोएमीने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी, आणि तो पिशवीत ठेवून दिला.

"आईला माहीत होतं, तू मला सांगशील?"

"सांगू नकोस म्हणाली होती."

"मग कशाला सांगितलंस?" तिचा आवाज चढला नव्हता. "तिने तुला माझ्यासाठी ठेवलं होतं. तेवढंही तुला जमलं नाही."

"त्या आयरीनचं काय झालं असतं?"

"ती माझी कोणी नाही, नीना. तू होतीस." नोएमी टेबलाचा आधार घेऊन उठली. "घरी जा आता. ताट मी उचलते."

जूनमध्ये तिला मुलगी झाली. ऑगस्टात बाप्तिस्मा झाला, आणि बाळाला धरून उभी राहिली ती जावयाची बहीण. ओतिलियाला हे जेवणाच्या सुट्टीत टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या एका बाईकडून कळलं. तिने डेल्फिनाचं नाव घेऊन नात अगदी तिच्यावर गेल्याचं सांगितलं, आणि विचारलं, तुला बोलावणं असेलच ना?

"नाही," ओतिलिया म्हणाली, आणि डबा उघडून जेवायला लागली.